फी माफ आहे, पण पाच महिने घर कसं चालवायचं?

नमस्कार ताई,
सदर नेहमी वाचते, लिहायला मात्र आज पहिल्यांदाच बसलेय. वय २९. शाळा पूर्ण झाली पण पुढचं शिक्षण घरच्या परिस्थितीमुळे राहून गेलं ते राहूनच गेलं. बिलिंग काउंटरवर काम करते, अख्खा दिवस उभ्यानं जातो आणि पगार आहे तिथंच आहे. मिस्टरांचं काम कधी असतं कधी नसतं. मुलगी चार वर्षांची. मागच्या आठवड्यात मैत्रिणीनं एक जाहिरात पाठवली, एका कंपनीच्या फाउंडेशनतर्फे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी स्कॉलरशिप आहे, हॉस्पिटलमध्ये पेशंट केअर असिस्टंटचं पाच महिन्यांचं ट्रेनिंग, सगळी फी माफ, वर थोडा स्टायपेंड आणि ‘१०० टक्के जॉब गॅरंटी’. मला हे काम मनापासून करायचंय, सासऱ्यांच्या आजारपणात दोन वर्षं त्यांचं सगळं मीच केलं आणि तेव्हाच कळलं की मला हे जमतं. पण कोर्स पूर्ण वेळ आहे, म्हणजे नोकरी सोडावी लागणार. अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय की मध्येच सोडलं तर पूर्ण फी भरावी लागेल, आणि कोर्स संपेपर्यंत ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे जमा. मिस्टर म्हणतात फुकट कोण कुणाला देतं, यात काहीतरी गोम असणार. बहीण म्हणते डोळे झाकून घे. फॉर्ममध्ये ‘तुमच्या आर्थिक परिस्थितीबद्दल ३०० शब्दांत लिहा’ असं आहे, तिथं येऊन मी अडकलेय, आपली गरिबी अशी लिहून दाखवायची लाज वाटते. शेवटची तारीख आठ दिवसांवर आलीय. काय करू?
एक वाचक

आधी उत्तर सांगते, कारणं मग. फॉर्म भर, शेवटच्या तारखेची वाट बघत बसू नकोस. पण अ‍ॅग्रीमेंटवर सही इतक्यात करायची नाही. नुसता फॉर्म भरल्यानं तू बांधली जात नाहीस, निवड झाली तरी नाही म्हणता येतं, बांधून ठेवतं ते अ‍ॅग्रीमेंट. मधल्या दिवसांत विचारपूस करायला भरपूर वाव आहे, आणि ती नीट केलीस तर मिस्टरांच्या शंकेला उत्तर मिळेल आणि बहीण म्हणते तसे डोळेही झाकावे लागणार नाहीत.

मिस्टरांवर रागावू नकोस हं. फुकट कोण देतं हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. कंपन्या आणि फाउंडेशन असे पैसे देतात त्यामागे दयेपेक्षा हिशोब जास्त असतो, आणि त्यात वाईट काही नाही. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत रोजगारासाठीचं कौशल्य शिक्षण आहे. अमेरिकेत खाजगी फाउंडेशनना दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावे लागतात, नाही वाटले तर त्यावर दंडाचा कर बसतो. शिवाय शिकलेली माणसं मिळत नाहीत ही कंपन्यांची स्वतःची अडचण असतेच, मग ट्रेनिंगला पैसे देणं त्यांनाही परवडतं. म्हणजे हा पैसा तुझ्यासारख्या बाईवर खर्च व्हावा म्हणूनच बाजूला काढलेला असतो, तू नाही घेतलास तर दुसरं कुणी घेईल, आणि घेतलास तर कुणाच्या उपकाराचं ओझं डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

पण जो पैसे देतो तो हिशोबही मागतो, आणि तो काय मोजतो त्यावर ट्रेनिंग देणारी संस्था कशी वागणार ते ठरतं. हे बाहेरून दिसत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. काही ठिकाणी फक्त किती जणांची अ‍ॅडमिशन झाली एवढंच मोजतात, तिथं बॅच भरायची घाई असते, कुणालाही घेतात आणि मग कोण टिकलं कोण गेलं याची फिकीर नसते. काही ठिकाणी ऑफर लेटर मोजतात, मग शेवटच्या आठवड्यात कुठलंतरी ऑफर लेटर हातात ठेवलं की झालं त्यांचं काम, नोकरी लांब असो, पगार आत्तापेक्षा कमी असो, त्यांच्या रिपोर्टमध्ये तू ‘प्लेस’ झालीस. आणि काही ठिकाणी कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी, वर्षानं फोन करून विचारतात की अजून त्याच कामावर आहात का, पगार किती झाला. अशा ठिकाणी शिकवतातही मन लावून, कारण नीट शिकवलं नाही तर सहा महिन्यांनंतरचा आकडा पडतो. तुझं फाउंडेशन यातलं कुठलं आहे ते तू शोधून काढायचंस, आणि ते काढायला फार काही लागत नाही, एक फोन लागतो.

फोनवर असं विचार, की मागच्या बॅचला किती जणांनी सुरुवात केली, किती जणांनी कोर्स पूर्ण केला, त्यातले किती जण सहा महिन्यांनी याच कामावर होते, आणि साधारण पगार किती मिळाला. चारही आकडे हवेत, एकट्या टक्केवारीवर समाधान मानू नकोस. ‘१०० टक्के’ हा आकडा कशातून निघतो माहितीये का, सुरुवातीला पन्नास जण असतात, पूर्ण करतात तीस, त्यातले नोकरीसाठी नाव देतात वीस, आणि त्या विसांना ऑफर लेटर मिळालं की झाले १०० टक्के. खोटं कुणी बोललं नाही पण तुला जे कळायला हवं होतं ते कळलंही नाही. आकडे द्यायला टाळाटाळ केली, ‘मॅडम तुम्ही अ‍ॅडमिशन तर घ्या’ असं सुरू झालं तर समजून जा. आणि मागच्या बॅचमधल्या दोन-तीन जणींचे नंबर माग, त्यांची परवानगी घेऊन द्या म्हणावं. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललीस की जाहिरातीत नसलेलं सगळं कळेल. जमलं तर ज्या हॉस्पिटलांत पुढं काम करायची इच्छा आहे तिथल्या एच.आर.ला किंवा नर्सिंगच्या इन्चार्जना सरळ विचार की या संस्थेचं सर्टिफिकेट तुमच्याकडे चालतं का, इथल्या मुली घेतल्यात का. लोक हा फोन करायला लाजतात, पण तिकडच्यांना रोजच माणसं हवी असतात, ते सांगतात.

अजून एक, वॉर्डमधले तास किती आहेत ते विचारायला विसरू नकोस. हे काम वर्गात बसून येत नाही, तू स्वतः केलंयस म्हणून तुला वेगळं सांगायला नको. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर त्याला न उठवता बदलायची, त्याचा संकोच सांभाळून अंग पुसायचं, नाडी आणि ताप घेऊन बरोबर वेळेला लिहून ठेवायचं, हे हात चालवल्याशिवाय जमत नाही. पाच महिन्यांतले साडेचार महिने प्रोजेक्टरसमोर आणि शेवटी पंधरा दिवस हॉस्पिटलचा फेरफटका असा कोर्स असेल तर फी माफ असूनही तो महागच पडला म्हणायचं.

आता गोम. मिस्टरांची शंका अगदीच हवेतली नाही, कारण ‘आधी काही देऊ नका’ असं सांगून नंतर वसूल करणारे असतात. अमेरिकेत ब्लूमटेक नावाची कोडिंग शिकवणारी शाळा होती, आधी तिचं नाव लॅम्डा स्कूल होतं. त्यांचं म्हणणं असं की आत्ता फी देऊ नका, नोकरी लागली की पगारातला वाटा द्या, आणि हे कर्ज नाही. वाटा होता पगाराच्या १७ टक्के, २४ हप्ते किंवा ३० हजार डॉलर होईपर्यंत. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागानं सांगितलं की हे कर्जच आहे, त्यात व्याजासारखा खर्च लपवलेला आहे, आणि जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के नोकऱ्या लागतात असं सांगत असताना आतला आकडा ५० च्या जवळपास आणि काही वेळा ३० इतका खाली होता. त्या शाळेनं यापुढं लोकांना कर्ज द्यायचं नाही अशी कायमची बंदी घातली. ती काही स्कॉलरशिप नव्हती, पण ‘फुकट’ ऐकल्यावर पहिला प्रश्न काय विचारायचा ते यातून कळतं, की मला कुठल्याही टप्प्यावर कुणालाही काही परत द्यायचंय का, पगारातून कापणार का, कोर्सनंतर अमुक वर्षं अमुक ठिकाणीच काम करायची अट आहे का. उत्तर तोंडी नको, मेलवर किंवा मेसेजवर लेखी घे. आणि रजिस्ट्रेशन, प्रोसेसिंग, किट, डिपॉझिट अशा कुठल्याही नावाखाली आधी पैसे मागितले तर तिथंच थांब, ज्यांच्याकडे तुझी अख्खी फी भरायला पैसे आहेत त्यांना तुझे सुरुवातीचे चार पैसे लागतात कशाला.

तुझ्या अ‍ॅग्रीमेंटमधल्या दोन अटींचं बोलू. मध्येच सोडलं तर फी परत, ही अट बऱ्याच ठिकाणी असते आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे, एक जागा वाया जाते. पण ती जशीच्या तशी मान्य करू नकोस. तीन गोष्टी त्यात घालून माग. आजारपण, बाळंतपण, घरात मृत्यू अशा कारणानं सोडलं तर वसुली नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाही जमलं तर विनाखर्च बाहेर पडता यावं, कारण वॉर्डमध्ये गेल्यावरच काहींना कळतं की हे आपलं काम नाही. आणि वसुली करायचीच तर झालेल्या महिन्यांपुरती, पूर्ण फीची नाही, आणि ती फी म्हणजे नेमकी किती ते रकमेत लिहिलेलं हवं. पुष्कळदा अ‍ॅग्रीमेंटमध्ये आकडाच नसतो, मग नंतर ते सांगतील तो आकडा. मागितलं म्हणून स्कॉलरशिप जाईल अशी भीती वाटेल, पण नीट चालणाऱ्या संस्थेला असे प्रश्न नवे नसतात.

दुसरी अट मात्र मला मुळीच पटलेली नाही. ओरिजिनल सर्टिफिकेटं कुणाकडेही जमा ठेवायची नाहीत. दाखव, त्यांनी तपासावीत, झेरॉक्स तू सही करून दे, आणि ओरिजिनल त्याच टेबलावरून परत पर्समध्ये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सक्तीच्या मजुरीच्या ११ खुणा सांगितल्यात, त्यात एक खूण आहे ओळखपत्रं काढून ठेवणं. शाळेचं सर्टिफिकेट म्हणजे ओळखपत्र नव्हे हे मान्य आणि हे फाउंडेशन तसं आहे असं मी म्हणत नाही, पण काढून ठेवण्यामागचा हेतू तोच असतो, माणसाला हलता येऊ नये. मधेच दुसरी चांगली नोकरी दिसली, फॉर्म भरायचाय आणि कागद त्यांच्या कपाटात, मग काय करशील? एवढ्या एका अटीवर ते अडून बसले तर मी म्हणेन दुसरी स्कॉलरशिप शोध.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला घेतलं. तुझ्या पत्रात फी, गॅरंटी, अ‍ॅग्रीमेंट, सगळं आहे, पण पाच महिने घर कसं चालणार याबद्दल एक ओळ नाहीये. आणि बायका कोर्स अर्धवट सोडतात त्या पुष्कळदा याच कारणानं सोडतात, अभ्यास जमला नाही म्हणून नाही. फी माफ होते, पण थांबलेली कमाई कुणी भरून देत नाही. तेव्हा वही घे आणि मिस्टरांना शेजारी बसवून हिशोब मांड. खरे आकडे तुझे तू घाल, मी फक्त रीत दाखवते.

समज तुझा आत्ताचा महिन्याचा पगार १००. मिस्टरांचं सरासरी १५० धरू, कधी असतं कधी नसतं त्याची सरासरी, चांगल्या महिन्याचा आकडा धरायचा नाही. घरखर्च २२०. म्हणजे आत्ता महिन्याला ३० शिल्लक पडतात. ट्रेनिंग सुरू झालं की तुझे १०० गेले, स्टायपेंडचे ४० आले, कमाई झाली १९०. खर्च मात्र वाढला, जाण्यायेण्याचे १५, मुलीला सांभाळायला कुणीतरी लागणार त्याचे २०, झाले २५५. दर महिन्याला ६५ कमी पडतात, पाच महिन्यांचे ३२५. इथं बहुतेक जण थांबतात, तू थांबू नकोस, कारण कोर्स संपला त्या दिवशी पगार सुरू होत नाही. नोकरी लागायला महिना आणि पहिला पगार हातात पडायला अजून एक महिना असे दोन धर. त्या दोन महिन्यांत स्टायपेंड बंद, कमाई १५०, इंटरव्ह्यूच्या नाहीतर कामाच्या खेपा धरून खर्च २३०, दर महिन्याला ८० कमी, दोन महिन्यांचे १६०. एकूण ४८५. म्हणजे जवळजवळ तुझ्या पाच पगारांइतकी रक्कम आधीपासून कुठूनतरी उभी असायला हवी, बचतीतून, घरच्यांकडून, नाहीतर फाउंडेशनकडूनच.

तो खड्डा परत भरतो कधी तेही बघू. जुन्या नोकरीत राहिली असतीस तर या सात महिन्यांत २१० शिल्लक पडली असती, तीही गेली, म्हणजे एकूण ६९५. नव्या कामाचा पगार १६० असेल तर महिन्याला ६० जास्त, साधारण वर्षभरात सगळं फिटतं आणि त्यापुढचा सगळा फायदा तुझा. पण पगार ११५ च असेल तर महिन्याला १५ जास्त, आणि तेवढ्यावर ६९५ फिटायला जवळपास चार वर्षं जातात. बघ, फी दोन्हीकडे माफच आहे आणि तरी एक सौदा चांगला आणि एक वाईट. म्हणून मघाशी म्हटलं की मागच्या बॅचचा पगार विचार. तो एक आकडा तुझ्या निर्णयातला सगळ्यात मोठा आकडा आहे.

सुरुवातीला हे असं तुटीचं जाणारच, त्यानं घाबरून जाऊ नकोस. अमेरिकेत सॅन अँटोनियो शहरात प्रोजेक्ट क्वेस्ट म्हणून एक उपक्रम आहे, १९९२ मध्ये तिथल्या वस्त्यांमधल्या लोकांच्या संघटनांनी उभा केलेला, सरकारी आणि खाजगी दोन्ही पैशांवर चालतो, आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जास्त करून हॉस्पिटलच्या कामांसाठी शिकवतो. त्याचा फार चांगला अभ्यास झालाय, अर्ज करणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाला मदत दिली, दुसऱ्याला नाही, आणि वर्षानुवर्षं दोघांची कमाई मोजत राहिले. ट्रेनिंगच्या काळात मदत मिळालेल्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा कमी होती, साहजिकच, शिकत होते ना. पुढं काही वर्षांत ते दुसऱ्या गटाला मागे टाकून गेले आणि नवव्या वर्षीही पुढेच होते. पण तिथं नुसती फी भरून सोडून देत नाहीत, जाण्यायेण्याचा खर्च, पोरांना सांभाळायची सोय यात मदत करतात, आणि दर आठवड्याला एका सल्लागारासोबत सगळ्यांची बैठक असते जिथं घरातली अडचणसुद्धा बोलता येते. माझ्या मते खरं काम ती बैठक करते. कारण अडचण आली की माणूस आधी एक दिवस दांडी मारतो, मग लाजेनं दुसरा दिवस, मग जातच नाही, आणि वेळेवर कुणी विचारलं असतं तर अडचण दोन दिवसांत सुटणारी होती.

म्हणून फाउंडेशनला हेही विचार, की प्रवासाचा पास मिळतो का, पाळणाघराची सोय किंवा त्याचे पैसे मिळतात का, अडीनडीला छोटी रक्कम देता का, आणि अडचण आली तर बोलायचं कुणाशी. जाहिरातीत लिहिलेलं नसलं तरी काही ठिकाणी असा एक फंड ठेवलेला असतो, मागणाऱ्याला मिळतो, गप्प बसणाऱ्याला नाही. स्टायपेंड कधी मिळतो तेही विचार, दर महिन्याला की कोर्स संपल्यावर एकदम, कारण शेवटी मिळणाऱ्या स्टायपेंडवर आत्ताचं दूध-भाडं निघत नाही. आणि तो कापतात का. इयर अप नावाची संस्था आहे अमेरिकेत, आता तिचं नाव इयर अप युनायटेड, २००० साली बॉस्टनमध्ये सुरू झाली, तरुणांना सहा महिने शिकवून सहा महिने कंपनीत कामाला पाठवते आणि दर आठवड्याला स्टायपेंड देते. तिथं सुरुवातीलाच करारावर सही घेतात, उशीर झाला, गैरहजर राहिलं, काम वेळेत दिलं नाही की गुण जातात आणि गुणांबरोबर स्टायपेंडही कापला जातो, गुण संपले की बाहेर. कडक वाटतं, पण निदान आधीच कागदावर असतं. तुझ्याकडे चार वर्षांची मुलगी आहे, तिला ताप येणारच आहे, त्या दिवशी तुझी हजेरी आणि स्टायपेंड यांचं काय होतं ते आजच माहीत असलेलं बरं. घरात कुणाला सरकारी मदत मिळत असेल तर स्टायपेंड उत्पन्नात धरल्यानं ती बंद पडत नाही ना हेही बघून घे, काही ठिकाणी पडते.

आणि नोकरीचा राजीनामा. एवढ्यात देऊ नकोस. आधी मालकांना बिनपगारी पाच-सहा महिन्यांची रजा मागून बघ, नाहीतर कोर्स नसेल त्या दिवशी सुट्टीच्या वारी अर्धवेळ काम मिळतं का बघ. वर्षानुवर्षं काउंटर सांभाळणारी आणि हिशोबात न चुकणारी बाई मालकांनाही सहज मिळत नाही, हे तू विसरलीस तरी ते विसरलेले नसतात. नाही म्हणाले तर नाही, पण ‘परत यायचं असेल तर या’ एवढं जरी तोंडातून आलं तरी पाठीशी काहीतरी राहतं. राजीनामा निवडीचं पत्र हातात आल्यावर आणि अ‍ॅग्रीमेंट तुझ्या मनासारखं झाल्यावर, त्याआधी नाही.

आता ते ३०० शब्द. तुला जी लाज वाटतेय ती मला समजते, आणि असे प्रश्न विचारणाऱ्यांचंही काही वेळा चुकतं, त्यांना रडवणारी गोष्ट हवी असते असं वाटायला लावतात. पण अर्ज वाचणाऱ्याला बहुतेक वेळा ठरवायचं असतं ते एवढंच, की हिला गरज आहे का, ही पूर्ण करेल का, आणि पुढं हे काम करेल का. दुःखाचं वर्णन या तिन्हींपैकी कशाचंच उत्तर देत नाही. तेव्हा गरिबी दाखवायची नाही, हिशोब सांगायचा. असं काहीतरी लिही, तुझ्या शब्दांत:

‘मी बिलिंग काउंटरवर काम करते. घरच्या कमाईतला मोठा वाटा माझा आहे, मिस्टरांचं काम नियमित नाही. सासरे आजारी असताना दोन वर्षं त्यांना उठवणं-बसवणं, औषधाच्या वेळा, स्वच्छता, रात्रीचं जागरण हे सगळं मी केलं. हे काम कष्टाचं आहे हे मला माहीत आहे आणि मला ते करायचं आहे. पाच महिने माझा पगार थांबेल, त्यातला काही भाग स्टायपेंडमधून आणि काही आमच्या बचतीतून निघेल. मुलीला सांभाळायची सोय केली आहे. कोर्सची फी भरणं मात्र आम्हाला शक्य नाही, म्हणून हा अर्ज.’

यात लाज वाटण्यासारखं एक अक्षर तरी आहे का सांग. उलट वाचणाऱ्याला दिसतं की बाईनं विचार केलाय, घर कसं चालवायचं ते ठरवलंय, आणि काम आधी करूनही पाहिलंय. सासऱ्यांच्या सेवेचं नीट लिही, मोकळेपणानं लिही, त्याला दोन वर्षांचा अनुभवच म्हणतात, पगार मिळाला नाही म्हणून तो अनुभव नाहीसा होत नाही. बचतीचं वाक्य मात्र खरोखर तजवीज झाली असेल तरच लिही, झाली नसेल तर ‘दर महिन्याला इतके कमी पडतात, त्यासाठी काही मदत मिळू शकेल का’ असं सरळ विचार. असं विचारलेलं कमीपणाचं दिसत नाही, आणि वाचणारा कामाचा असेल तर त्याला तेच वाक्य सगळ्यात उपयोगी पडतं.

फॉर्मच्या शेवटी कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असेल की तुमचा फोटो, व्हिडिओ आणि गोष्ट आम्ही प्रसिद्धीसाठी वापरू. ते वाचल्याशिवाय टिक करू नकोस. तुझी तयारी असेल तर खुशाल हो म्हण, नसेल तर नाही म्हणता येतं का आणि नाही म्हटल्यानं निवडीवर परिणाम होतो का हे त्याच फोनवर विचारून घे, आणि हो म्हणालीस तरी मुलीचा फोटो आणि सासऱ्यांचं आजारपण त्यातून वगळा असं लेखी कळव.